मास्तरांनी मधली खोली आवरली

बन्सी, तू नुस्तं ऐक. मधी "हं" बी म्हणू नको, माझा धागा तुटतो. आपले काशीनाथ मास्तर हायत ना, शाळेत मराठी जमातीला, म्हंजी वर्गाला शिकवणारे, टोपीची घडी कधी मोडू न देणारे? तर या मास्तरांनी शुक्रवारी घरातली एक खोली आवरायला काढली. एकच खोली बरं का, मधली, तीन खणाची. आणि शनिवारी दुपारपातुर अख्खं वालूर गाव रिकामं झालं! हसू नको. तू तेव्हा मामाच्या गावाला होता म्हणून तुझं हुकलं.

आता एवढी काय निकड होती, तर ऐक. कावेरीवैनी बाळंतपणाला ताडकळसला माहेरी गेलेल्या. मुलगी झाली. अडीच महिन्यांची झाली, आणि मास्तरांनी अजून तिचं तोंड बघितलेलं न्हाई. बारशाला जायचं तर रुखसत, म्हंजी रजा पाहिजे. मास्तरांनी अर्जी केली, ती वर गेली, आणि वर गेलेल्या अर्जीला मंजुरी यायच्या आत पोरगी हसायला लागली. बापाला कळलं ते कार्डावरून! त्याच कार्डात सासरे किशनराव लिहितात, "येत्या गुरुवारी मी स्वतः कावेरीस व मुलीस घेऊन येत आहे. पुढे पौष लागतो, पौषात आम्ही लेक धाडत नाही. आपल्या मधल्या खोलीतील पसाऱ्यात विंचू निघतात असे कावेरी सांगते. मी आधी घर पाहीन. खोली जशीच्या तशी दिसल्यास गाडी आल्या पावली फिरवीन."

म्हणजे गुरुवार हुकला की महिना गेला. पण मास्तर काय घाबरायलेत का? अजिबात न्हाई. शाळेला शुक्रवारची, जुम्म्याची सुट्टी होती, धोतराचा काष्टा वर खोवला, बाह्या सारल्या आन् शेजारच्या दिनकररावांना म्हणले, "काका, जेवणवेळेपर्यंत खोली आरशासारखी करतो."

दिनकररावांना सांगितलं हीच पहिली चूक. दिनकरराव म्हणजे कचेरीत तीस वर्षं पेशकारी, म्हंजी साहेबापुढं कागद मांडायची कारकुनी करून घरी बसलेला माणूस. घरी बसला तरी कचेरी त्यांच्या अंगातून उतरलेली न्हाई. भाजी आणायला निघाले तरी आधी कागद मागतात. ते म्हणले, "काशीनाथ, असं हाती लागेल ते बाहेर फेकायचं नसतं. आधी फेहरिस्त करायची. प्रत्येक नगाचं नाव, हालत, आणि शेरा. ठेवायचं की टाकायचं."

मास्तरांना ते पटलं. शिकल्या माणसाला यादी म्हणलं की लगेच पटतं.

मग काय, मास्तर एकेक वस्तू काढायलेत आणि दिनकरराव ओसरीवर मांडी घालून लिहायलेत. नग पहिला, घोड्याचं खोगीर. "घोडा कुणाचा होता?" दिनकरराव विचारायलेत. मास्तरांच्या सात पिढ्यांत घोड्यावर कुणी बसलेलं न्हाई, लग्नातला सोडून. मग खोगीर आलं कुठून? यावर दोघं जण अर्धा तास बोलले. शेवटी शेरा काय लिहिला, तर "तूर्त ठेवावे, मालक आल्यास द्यावे." नग दुसरा, जात्याची वरची तळी. खालची न्हाई. "खालची सापडली तर?" ठेवावे. नग तिसरा ते तेरावा, भांड्यांची झाकणं. अकरा झाकणं, बन्सी, आणि एकाचं बी भांडं घरात न्हाई! दिनकररावांचं म्हणणं, झाकण हाय म्हणजे भांडं कुठंतरी असणारच, शोध घ्यावा. एकोणीस वर्षांची पंचांगं निघाली. मास्तर म्हणले, "ही तर टाकू. गेलेल्या सालाचा मुहूर्त काय कामाचा?" तर दिनकरराव डोळे वटारून म्हणले, "आणि उद्या कुणी तुमच्या वडलांच्या तेराव्याची तिथी विचारली तर?"

दुपारी चारला तीन ढीग झाले होते. ठेवायचं, टाकायचं, आणि बघू. ठेवायच्या ढिगात होतं खोगीर आन् जात्याची तळी. टाकायच्या ढिगात होती एक छत्रीची काडी. बाकी सगळं "बघू"मधी.

आणि ती छत्रीची काडी बी राहिली न्हाई. समोरच्या बायनाबाई आल्या. त्यांना कुठं काय चाललंय ते भिंतीतून दिसतं. "मास्तर, हे टाकायलात? एवढी चांगली काडी? आवो, तुमच्या आईनं भर पावसात ह्याच छत्रीत मला दवाखान्यात नेलतं." डोळ्याला पदर लावला. आता कशी टाकणार? गेली "ठेवायचं"मधी. जाता जाता बायनाबाई म्हणल्या, "तुमची गाडी लागणारच हाय ना टाकायला? मग आमचं बी जरा घ्या." आन् दोन फुटके डेरे, बिनपायाचा पाट आणि एक गंजका कंदील आणून ठेवला. ते बघून मागच्या गल्लीतली माणसं बी यायला लागली. दिवस मावळला तवा खोलीत सकाळपेक्षा जास्त सामान होतं. पण दिनकरराव समाधानी. यादी एकशे बेचाळीस नगांची झाली होती, अक्षर मोत्यासारखं.

मास्तर हरले असतील असं तुला वाटतंय ना? छ्या! मास्तरांनी ठरवलं, आता कुणाला विचारायचं न्हाई. शनिवारी तांबडं फुटायला उठले, शाळेला अवकाश होता. सगळंच्या सगळं सामान खोलीतून ओढून बाहेर गल्लीत उन्हाला टाकलं. निंबाचा पाला पेटवून विंचवासाठी खोलीत धूर केला. मग भिंतींना चुना मारला, दोन हात, कोपऱ्याकोपऱ्यात. आणि शेवटी ते खोगीर उचलून झटकलं, तर त्याच्या पोटातून उंदीर पडला.

मेलेला. आजचा न्हाई, कालचा न्हाई. वाळून पापड झालेला. शेपटीला धरून आपटला तर वाजला असता. पण मास्तर म्हणजे स्वच्छतेचा माणूस. हात लावला न्हाई. चिमट्यानं उचलला, गल्लीच्या मध्यावर ठेवला, वर घासलेट ओतलं आणि काडी लावली.

आता नीट ध्यान दे. चार महिन्यांमागं याच मास्तरांनी शाळेत आरोग्याचा धडा शिकवलेला, ताऊनाचा, म्हंजी प्लेगाचा. नुस्ता शिकवला न्हाई, घोकून घेतला. पोरं घरी वट्यावर बसून आरडत होती, म्हणून आयाबापांना बी पाठ. "ताऊनची लक्षणे. मेलेला उंदीर दिसल्यास चिमट्याने उचलून घासलेट टाकून जाळावा. घरातील सामान उन्हात काढावे. निंबाचा धूर करावा. भिंतींस चुना द्यावा. घर सोडून रानात राहावयास जावे." मास्तरांनी त्या सकाळी धड्यातलं सगळं केलं, एक शेवटचं वाक्य सोडून.

ते गावानं केलं.

बायनाबाई घागर घेऊन दारात आल्या, थबकल्या. गल्लीत सामान, खोलीतून धूर, भिंतीला चुना, मधी जाळ.

"मास्तर, उंदीर पडला का?"

"पडला की."

"मेलेला?"

"मग काय जिवंत जाळतो?"

घागर तिथंच आपटली. बायनाबाईंनी मागच्या ताऊनाचे हाल डोळ्यांनी बघितलेले, त्या काय घागर उचलायला थांबतात? मास्तरांना वाटलं, बाईला उंदराचं भ्या दिसतंय. हातपाय धुतले, टोपी घातली आणि ऐटीत शाळेला गेले. सामान वाळलं की संध्याकाळी टाकायचं ते टाकू.

दुपारी सदर मुदर्रिस साहेबांनी, म्हंजी हेडमास्तरांनी शाळाच सोडून दिली. "ताऊन! ताऊन!" म्हणत ते घोड्यावर बसून निघून बी गेले. मास्तर चकित. कुणाच्या घरी बाबा? बाहेर येऊन बघतात तर गल्ल्यांतून गाड्यांची रांग. अंथरुणं, कणग्या, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं गाडीत घालून लोक रानात निघालेले. मास्तरांनी एकाला थांबवून विचारलं, "कुणाच्या घरी उंदीर पडला रे?" तो बिचारा हात जोडून म्हणला, "मास्तर, तुमी लय हिमतीचे. स्वतःच्या घरात पडून शाळेत शिकवायलात."

तवा डोक्यात उजेड पडला.

मास्तर धावत पोलीस पाटलाच्या दारात. मुंजाजी पाटील गाडीवर बसलेले, एका बगलेत दप्तर, दुसऱ्या बगलेत कोंबडा.

"पाटील, ताऊन नाही! उंदीर जुना होता. वाळलेला होता."

"आसंल. पण म्या रपट धाडली तालुक्याला."

"मग परत बोलवा."

"रपट म्हंजी काय म्हैस हाय व्हय, हाळी देऊन परत बोलवायला? पहिली रपट खोटी हाय म्हणून दुसरी रपट करावी लागंल. त्याला पुरावा पाहिजे. उंदीर हजर करा."

"तो जाळला ना मी!"

पाटलांनी कोंबडा या बगलेतून त्या बगलेत घेतला. "म्हंजी पुरावा बी तुमीच जाळला. मास्तर, तुमी जरा गप बसा. जितकं बोलायलात तितकं आडकायलात."

ओढ्याच्या पलीकडं पाटलांच्या रानात कडब्याची खोपटं उभी राहिली. संध्याकाळी मास्तर तिथं गेले, तर त्यांचं बी खोपट तयार! गावानं मास्तरांना वाऱ्यावर सोडलं न्हाई, बरं का. मास्तर शाळेत असताना शेजाऱ्यांनी गल्लीतलं सगळं सामान दोन गाड्या करून रानात आणून लावलं होतं. दिनकरराव फेहरिस्त हातात घेऊन दारात उभे, एकेक नग ताडून बघायलेले. "एकशे बेचाळीस. एक नग कमी नाही काशीनाथ. उलट नऊ जास्त आहेत, ते कुणाचे ते बघावं लागेल." बायनाबाई घाम पुसत म्हणल्या, "एक झाकण सुदिक मागं ऱ्हाऊ दिलं न्हाई, मास्तर. माझ्या पोराच्या डोक्यावर खोगीर दिलं." मास्तरांनी हात जोडले. तिकडं गावात मधली खोली खरंच आरशासारखी झाली होती, जन्मात पहिल्यांदा, आणि तिच्यात पाय ठेवायची बंदी.

तरी मास्तरांची उमेद बघ. म्हणले, लोकांना समजावतो, सोमवारपर्यंत गाव परत नेतो. खोपटाखोपटानं फिरले. पण आपल्या लोकांचं तुला माहीत हाय. ज्वारी हुरड्याला आलेली. रानात आगट्या पेटलेल्या, गरम हुरडा, वर तिळाची चटणी, पोरांना शाळा न्हाई, बायकांना सारवण न्हाई. कोण परत जातं? मास्तर सांगायले, "उंदीर वाळलेला होता हो!" आणि लोक हातावर हुरडा देऊन म्हणायले, "खावा मास्तर. आमाला भ्या वाटू ने म्हणून बोलायलात, कळतं आमाला." एक म्हातारा तर म्हणला, "देवमाणूस हाय. दुसरा असता तर उंदीर दाबून बसला असता." खरं बोलून माणूस इतका मोठा होतो हे मास्तरांना आधी ठाऊक नव्हतं. आणि इतका एकटा पडतो हे बी.

रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी तालुक्याहून डॉक्टर साहेब आले, टांग्यातून, सोबत कंपाउंडर आणि सुयांची पेटी. अख्ख्या गावाला सुई. पाटलांना सुई, बायनाबाईंना सुई, दिनकररावांनी हुकूम लेखी आहे का विचारलं तर त्यांना सगळ्यात आधी. मास्तरांचा दंड लिंबाएवढा सुजला. मग साहेब मास्तरांना घेऊन गावात घराचा मुआयना करायला गेले. मधल्या खोलीत उभे राहिले, भिंतीवर बोट फिरवलं, कोपरे बघितले आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली.

"वाह मास्टरसाब! सामान बाहर, चूना, धुआँ, चूहा जला दिया, सब कायदे से! पूरे जिल्हे में ऐसा काम किसी ने नहीं किया. मैं ऊपर लिख के भेजता, शाबाशी आएगी."

बन्सी, आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना सरकारी शाबासकी मिळायली होती, आणि तीच त्यांच्या मुळावर आली. कारण साहेब पुढं म्हणले, "पंद्रह दिन गाँव में कोई नहीं आएगा. वेशीपर पहरा."

पंधरा दिवस! आणि गुरुवार परवावर. किशनराव वेशीवरूनच गाडी फिरवणार. मग पौष. पोरगी बसायला लागंल, रांगायला लागंल, तिला दात येतील आणि ते सगळं मास्तर कार्डावर वाचणार.

तवा मास्तरांनी शाबासकीवर पाणी सोडलं. सगळं सांगितलं. खोली, विंचू, सासऱ्याचं कार्ड, खोगीर. साहेबांना आधी पटेना. "बीवी आने वाली, इस वास्ते कोई चूना लगाता?" मास्तर मान खाली घालून म्हणले, "मैं लगाया." "चूहा कितना सूखा था?" "पापड के माफिक." साहेब असे हसले की खोलीत घुमलं. मग चष्मा पुसून म्हणले, रपट रद्द करता येईल, पण तशी न्हाई होत. सरकारी मुलाजिमानं, म्हंजी नोकरानं इकबालनामा लिहून द्यावा लागंल. चूक माझी, म्हणून कबुली. एक प्रत वर जाणार, एक शाळेच्या दप्तरात कायमची, आणि एक नक्कल मास्तरांच्या हातात, वेशीवर दाखवायला.

"उसमें वजह भी लिखना पड़ता," साहेब म्हणले. "वजह बगैर ऊपर मानते नहीं."

साहेबांनी उर्दूत मजकूर सांगितला, मास्तरांनी लिहिला. बढती गेली, अब्रू गेली, शाळेतली पोरं जन्मभर उंदीर म्हणणार, हे सगळं मास्तरांना दिसत होतं. टाक दौतीत बुडवला, बाहेर काढला, आणि सही केली. एवढाच वेळ लागला. शुक्रवारी एका खोगिरापायी अर्धा तास घालवणारा माणूस!

बुधवारी पाटलांनी रानात दवंडी दिली की आजार न्हाई, घरी चला. एक माणूस हलला न्हाई. "सुई घेतली, खोपट बांधलं, आता आलोच हाव तर हुरडा संपू द्या," म्हणले.

म्हणून गुरुवारी काय झालं, तर कागदावर गाव चांगलं आणि डोळ्यापुढं गाव ओस. मास्तर एकटे वेशीत उभे, स्वच्छ टोपी, सुजलेला दंड, हातात कागद. सेलू टेसनावरून गाडी आली. हाकायला लिंबाजी होता, त्यानंच मला हे सगळं सांगितलं, अक्षर न् अक्षर. किशनराव पुढं बसलेले, छताच्या आत कावेरीवैनी आणि लेकरू. लेकराचा नुस्ता आवाज यायलेला.

किशनरावांनी वेशीतून आत बघितलं. दारं बंद, कुत्रं न्हाई, धूर न्हाई.

"जावईबापू, टेसनावरच ऐकलं मी. तुमच्याच घरात उंदीर पडला म्हणे. लिंबाजी, गाडी वळव."

"मामा, थांबा! ताऊन नाही. हा डॉक्टर साहेबांचा शिक्का बघा."

किशनरावांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. "हे उर्दूत आहे. मला मोडी येते. तुम्हीच वाचा. काय लिहिलंय तेच वाचा."

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली, उर्दूचं मराठी करत. "मी काशीनाथ, मुदर्रिस, मुक्काम वालूर, कबूल करतो की माझ्या घरी सापडलेला उंदीर आजाराने मेलेला नसून कित्येक वर्षांपूर्वी मेलेला होता. तो मी विचार न करता भर गल्लीत जाळला. त्यामुळे चारशे घरं गाव सोडून गेली. यात गावाचा कसूर नाही, सर्व नादानी माझी."

किशनरावांच्या मिशा हलल्या. "ते ठीक. पण शहाणा माणूस भल्या सकाळी सामान बाहेर काढून चुना मारून उंदीर कशाला जाळील? काहीतरी लपवायलात तुम्ही. पुढं काय आहे?"

पुढं एकच ओळ होती. वजह.

मास्तर थांबले. लिंबाजी म्हणला, कान लाल झाले, चुन्यात कात पडावा तसे. सासऱ्यापुढं जावई बायकोचं नाव सुदिक घेत न्हाई, आणि ही ओळ तर तिच्यावरच! बरं, मास्तरांशिवाय तिथं उर्दू येतंय कुणाला? मनाला येईल ते वाचता आलं असतं. "विंचवाच्या बंदोबस्तासाठी" म्हणलं असतं तरी चाललं असतं. पण ते पटलं नसतं तर गाडी फिरली असती.

"वाचा ना," किशनराव म्हणले.

मास्तरांनी कागद तोंडापुढं धरला, नाक सुदिक दिसेना, आणि वाचलं, "कारण, बायको आणि मुलगी घरी येणार या खुशीत मला भान राहिलं नाही."

  मग छताच्या आतून हसू आलं, पदरात दाबलेलं, न दबणारं. किशनराव खाकरले. ते वेशीच्या दगडांकडं असं बघायला लागले की जणू वेस विकत घ्यायला आलेत. आणि छताच्या पडद्यातून दोन हात बाहेर आले, हातात दुपट्यातलं गाठोडं. मास्तरांनी दुखरा दंड विसरून ते घेतलं.

आता बोल बन्सी. आता तोंड उघडलं तरी चालंल. कागद तुझ्या हातात, उर्दू फक्त तुला येतंय, समोर सासरा, आत बायको, आणि गाडी वळायच्या बेतात. तू असता तर काय केलं असतं? वाचली असती ती ओळ?